वाळत घातलेला नवरा

नवरा उडाला तेव्हा चिहारू गॅलरीत उकिडवी बसून लेकीचे मोजे पिळत होती.

नवरा म्हणजे नवऱ्याचा शर्ट. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचाही नव्हे. तो होता खालच्या घरातल्या मुताकाकूंच्या यजमानांचा. गोदीत वेल्डिंग करणारा, दारातून तिरका होऊन आत शिरणारा आडदांड माणूस. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. घटस्फोटानंतर चिहारू सहा वर्षांच्या कोतोनेला घेऊन सुझुनोउराच्या या चढावर राहायला आली, त्याच दिवशी काकूंनी शर्ट तिच्या हातात कोंबला होता.

"एकटी बाई नि लहान पोर. दोरीवर बायकांचेच कपडे दिसले की चोराचिलटांना आवतणच. हा कायम वाळत राहू दे. आमचे हे जिवंतपणी घरात कधी टिकले नाहीत, आता तरी कुणाची राखण करू देत."

चिहारूला त्यात नवल वाटलं नाही. एकटीने राहणाऱ्या बायका असंच करतात. कुणी दोरीवर शर्ट टाकतं, कुणी दाराशी पुरुषी बूट मांडून ठेवतं. पण बूट उडत नाहीत. शर्ट उडाला. बंदरावरून वाऱ्याचा एक झोत आला, चिमटे तटातट सुटले आणि तो निळा शर्ट बाह्या पसरून कौलांवरून, पायऱ्यांवरून तरंगत खाली गेला, तो थेट पायथ्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या काचेवर.

थोड्या वेळाने पायऱ्यांवर कुणाची तरी धाप ऐकू आली. दारात बसचा ड्रायव्हर उभा. हातांत पांढरे हातमोजे, टोपी वाकडी, कान जरा बाहेर आलेले, आणि शर्टाची घडी अशी की दुकानातून आत्ताच आणलाय.

"हा... तुमच्याकडचा ना? माझ्या काचेवर येऊन बसला. वायपर चालू केला, तर मलाच हात हलवून दाखवायला लागला."

चिहारूला हसू फुटणार होतं. तेवढ्यात त्याने विचारलं, "यजमानांचा?"

अनोळखी माणसाला घरात पुरुष नाही हे सांगायचं नसतं. ही सवय आता तिच्या जिभेला लागली होती.

"हो. झोपलेत आत. रात्रपाळी असते त्यांना."

ड्रायव्हरचा चेहरा एकदम ओशाळला. "अरेरे... माफ करा हं," तो कुजबुजला, आतल्या बंद दाराकडे वळून कमरेत वाकला, आणि मग बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर पायऱ्या उतरून गेला. पार खालपर्यंत.

"आई," आतून कोतोने ओरडली, "कोण झोपलंय?"

चिहारूने शर्ट पुन्हा दोरीवर अडकवला. तिला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचा तिला रागही येत होता. खाली खिडकीत मुताकाकूंनी हे सगळं डोळे भरून पाहून घेतलं होतं.

*

आता थोडं चिहारूच्या पोटापाण्याचं. ती डबे भरणाऱ्या कारखान्यात तासावर काम करायची आणि उरलेला महिना एकट्या पालकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर ढकलायची. जास्त तास काम केलं की भत्ता कमी, कमी केलं की पगार कमी. घाण्याच्या बैलासारखं तिथल्या तिथे फिरणं. त्यातून तिला बाहेर ओढलं ते नाकाओबाईंनी. एकट्या आयांना पक्की नोकरी मिळवून देणाऱ्या मदत कक्षात त्या बसायच्या. बाई ठेंगण्या आणि तोंडाने फटकळ.

"भत्ता म्हणजे जिन्याचा कठडा गं," त्या म्हणाल्या होत्या. "धरून चढायचं. धरून बसलीस तर मागच्यांनी काय करायचं? बसकंपनीला ड्रायव्हर मिळत नाहीयेत. शिकशील?"

"बस? मी?"

"मग काय मी? माझे पाय पोचत नाहीत."

चिहारू शिकली. मोठ्या गाडीचं लायसन्स निघालं आणि कंपनीत उमेदवारी सुरू झाली. शेवटी एक परीक्षा. ती पार पडली की नोकरी कायम. तोवर तो कठडा हातातून सुटता कामा नये, हे नाकाओबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "आणि एक. घरात पुरुषाचं येणं-जाणं दिसलं तर भत्त्याची कचेरी तू संसार थाटलास असं धरते आणि भत्ता बंद. नियम माझा नाही. पण सांभाळ."

"माझ्याकडे कोण येतंय बाई," असं म्हणून चिहारू आगाराच्या फाटकातून आत शिरली. समोर शिकवणारा ड्रायव्हर म्हणून पांढरे हातमोजे चढवत कोण उभा असावा? कान तेच.

"अरे, तुम्ही! रात्रपाळीवाल्यांच्या घरच्या!" तो म्हणाला. "मी इवानागा. इवानागा कोहेई. आणि तुम्ही ओगाता चिहारू, यादीत नाव आहे. यजमान बरे आहेत?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं तिने. पण मागे चार ड्रायव्हर उभे होते, आणि आपल्या घरात पुरुष नाही ही बातमी तिला आगारात पहिल्याच सकाळी सोडायची नव्हती. "बरे आहेत," ती म्हणाली. एकदा खोट्याला भाडेकरू ठेवलं की ते घर सोडत नाही.

कोहेई चांगला शिकवायचा. त्याचा एकच मंत्र होता. जे दिसतं ते बोटाने दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. "उजवीकडे मोकळं. डावीकडे सायकल. समोर म्हातारे गृहस्थ. मनातल्या मनात बोललात तर ते मोजायचं नाही, ओगातासान. जे तोंडाने बोललं नाही ते दिसलंच नाही असं समजायचं."

आणि गाडी मागे घेताना तो स्वतः मागे जाऊन उभा राहायचा. दोन्ही हात वर, आवाज लांबवून, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." आणि मग एकदम, "बास." आरशात तो छोटासा दिसायचा आणि मोठा मोठा होत जायचा. चिहारूला गाडी मागे घ्यायला आवडायला लागली, इतकी की तिची तिलाच काळजी वाटायला लागली.

पावसाळा लागला. काचा धुकटायच्या, ओल्या सीटांचा वास यायचा, बाहेर सगळं बंदर राखी होऊन जायचं. जेवणाच्या सुट्टीत दोघं रिकाम्या बसमध्ये बसायची. तो एक सीट पुढे, ती एक सीट मागे. कोहेई डब्यातून शेवाळात गुंडाळलेले भाताचे मुटके काढायचा आणि न चुकता एक वेगळा कागदात बांधून द्यायचा.

"हा यजमानांना. रात्रपाळीत भूक लागते."

"त्यांना... फारसं लागत नाही काही."

"बोलतात का फार?"

"नाही. वारा सुटला की जरा हालचाल करतात, एवढंच."

"शांत माणूस दिसतो," कोहेई म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मग जरा वेळाने, पाठमोराच, "नशीबवान आहे."

हे दोन शब्द घेऊन चिहारू घरी गेली आणि तिचा जीव कुठे लागेना. घडी केलेले कपडे तिने पुन्हा मोडले. यजमानांचा मुटका कोतोनेने आणि तिने अर्धा अर्धा खाल्ला. तो घशाखाली उतरताना तिला अगदी चोरीचा माल खाल्ल्यासारखं झालं. गॅलरीतून खाली थांबा दिसायचा. प्रत्येक बस आली की ती उठायची, आणि त्याची नसली की उगाच मोजे उलटे-सुलटे करायची. सांगून टाकावं? पण सांगितलं, आणि तो एखाद्या संध्याकाळी या पायऱ्या चढून आला... तर? परीक्षा दूर होती. कोतोनेची शाळा, घरभाडं, सगळं त्या कठड्याला लटकलेलं. दोरीवरचा शर्ट चोरांपासून राखण करत होता की तिची तिच्यापासूनच, हे तिला सांगता आलं नसतं.

*

पावसाळा सरला की तिकडे उन्हाळा लागतो, आणि उन्हाळ्यात कचेरीची वार्षिक चौकशी असते. त्या वर्षी ती जरा खोलात गेली, कारण मुताकाकूंनी मासळीवालीपाशी तोंड उघडलं होतं. "आमच्या चिहारूकडे बसचा ड्रायव्हर धावत पायऱ्या चढून आला होता बरं का!" मासळीवालीकडून ते आणखी कुठे गेलं देव जाणे. कुणीतरी कचेरीत कळवलं, की त्या घरी पुरुषाचा शर्ट कायम वाळत असतो, आणि एक ड्रायव्हर येतो.

कचेरीतला तरुण अधिकारी आगारात गेला आणि त्याने कोहेईला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं ओगाताबाईंकडे जाणं-येणं आहे का? कोहेईला वाटलं, एका परस्त्रीच्या नावाला आपल्यापायी डाग लागतोय. सभ्य माणूस तो, ताठ उभा राहिला.

"मी एकदाच गेलोय. त्यांच्या यजमानांचा शर्ट द्यायला. यजमान घरातच होते."

झालं. भत्ता थांबला.

दुसऱ्या दिवशी चिहारू आगारात आली ती फणफणतच. कोहेईला तिने रिकाम्या बसमध्ये चढायला लावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही काय सांगितलंत कचेरीत?"

"खरं तेच. म्हटलं, तुमच्या संसारात—"

"संसार नाहीये मला."

"...म्हणजे?"

"म्हणजे नवरा नाहीये. तो शर्ट आहे नुसता. खालच्या काकूंच्या मेलेल्या नवऱ्याचा. एकट्या बाईने दोरीवर टाकायचा असतो म्हणून टाकलेला. मी भत्त्यावर जगते, इवानागासान. तुम्ही सांगितलंत घरात नवरा झोपलाय, आणि त्यांनी तो बंद केला."

कोहेई सीटवर बसला. त्याने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"मग त्या दिवशी मी... कुणाला वाकून नमस्कार केला?"

"कपाटाला."

"आणि माझे मुटके?"

"कोतोनेने नि मी. आंबवलेल्या आलुबुखाराचा तिला नको असतो. सालमन माशाचा आवडतो."

त्याच्या तोंडावर इतका उघडा आनंद पसरला की चिहारूला दुसरीकडे बघावं लागलं. मग तो आनंद तसाच विझला, कारण आपण काय करून बसलोय हे त्याच्या लक्षात आलं. "मी येतो कचेरीत," तो उठत म्हणाला. "आत्ता. चला."

कचेरीत मुताकाकू आधीच पोचल्या होत्या. मासळीवालीचं प्रकरण कळल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. त्यांनी टेबलावर नवऱ्याचा फोटो आपटला. त्यात तोच शर्ट होता आणि गोदीसमोर हसत उभा असलेला तोच पहाड. "हे घ्या यजमान," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "काय चौकशी करायची ती करा. डोंगरावरच्या दफनभूमीत तिसऱ्या ओळीत असतात."

अधिकारी पोरगेलासा होता, घाम पुसत होता. शर्टाचं त्याला पटलं. मग त्याने खाली बघत शेवटचा प्रश्न विचारला.

"आणि तुम्हा दोघांचं... एकमेकांकडे येणं-जाणं? पुढे तसा काही विचार?"

पंखा गरगरत होता. चिहारूला कोतोनेची नवीन शाळेची पिशवी आठवली, घरभाडं आठवलं. "शिकवतात ते मला," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

"काही नाही," कोहेईही म्हणाला.

आणि त्याचे दोन्ही कान मुळापासून टोकापर्यंत लाल झाले.

अधिकाऱ्याने मान हलवली. भत्ता पुन्हा सुरू होईल म्हणाला. कानांचं त्याला काय माहीत? पण चिहारूने ते पाहिले. ती इतक्या घाईने उठली की तिची खुर्चीच पडली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. काकू पुढे गेल्या होत्या.

"तुमचे कान..." चिहारू म्हणाली.

"उन्हाने."

"आत होतो आपण. पंख्याखाली."

कोहेईने टोपी कानांवर ओढायचा निष्फळ प्रयत्न केला. "लहानपणापासून असं आहे. खोटं बोललो की." मग तो थांबला, आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "ओगातासान, तुम्ही परीक्षा पार करा. तोवर मी तुमच्या पायऱ्यांच्या खालच्या पायरीवरसुद्धा पाय ठेवणार नाही. आणि उद्यापासून तुम्हाला दुसरं कुणीतरी शिकवेल. मी सांगतो साहेबांना. उद्या कुणी म्हणायला नको, की इवानागाने पास केलं."

"आणि... पार झाल्यावर?"

"झाल्यावर तुम्ही विचारा. या कानांच्या उन्हाचं."

*

पुढचे महिने चिहारूचे कसे गेले ते तिला विचारू नये. हातात काम असायचं आणि लक्ष नसायचं. रात्री कूस बदलून बदलून गादी एका बाजूला यायची. कोहेई आता फक्त समोरून यायचा. बंदराच्या रस्त्यावर दोन बस एकमेकींना ओलांडतात तेव्हा ड्रायव्हर एकमेकांना हात करतात, ही जुनी रीत. तो पांढरा हात वर व्हायचा, काचेमागे क्षणभर दिसायचा आणि मागे जायचा. तिचाही हात वर व्हायचा. एवढ्यावर दिवस काढायचा. शेजारी बसलेले नवे शिक्षक, मोठ्या पोटाचे कुवाहारा, रोज म्हणायचे, "हात करायचा, डोळे नाही करायचे. डोळे रस्त्यावर."

परीक्षेच्या दिवशी आगाराचे साहेब मागच्या सीटवर बसले. सगळं नीट चाललं होतं. आणि चढावरच्या त्या अरुंद वळणावर, जिथे दोन बस मावतच नाहीत, समोरून बस आली. काचेमागे पांढरे हातमोजे. कान.

वळणावर वर चढणाऱ्याने मागे यायचं, असा तिथला नियम. म्हणजे चिहारूने. उतारावर, डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला कठड्याखाली घरांची कौलं. मागे उभं राहून हात दाखवणारं आज कुणी नव्हतं.

तिने खोल श्वास घेतला. बोट दाखवलं. "उजवा आरसा, मोकळं. डावीकडे भिंत, हातभर. मागे कुणी नाही." आणि मग अगदी हळू, स्वतःलाच, "येऊ द्या... येऊ द्या..." बस इंच इंच मागे सरकली, रस्ता रुंद होता तिथे आली. "बास."

समोरची बस शेजारून निघाली. कोहेईचा हात वर झाला. पण चिहारूचे दोन्ही हात चाकावर होते, पाय ब्रेकवर होता, आणि साहेब मागून बघत होते. तिने हात केला नाही. शेजारून जाईपर्यंत त्याचा हात तसाच वर राहिलेला दिसला, मग हळूच खाली गेला.

"पास," साहेब म्हणाले. "हात केला असता, तर नापास करणार होतो."

चिहारू हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. नोकरी कायम झाली होती. पण त्याला कुठे माहीत, की हात का वर झाला नाही? तो दिवस त्याच्या सुट्टीच्या आधीचा. आगारात तो दिसला नाही, दुसऱ्या दिवशी तर येणारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी कचेरीत गेली. तोच अधिकारी होता.

"आता मला पगार सुरू होतोय. भत्ता बंद करा."

"अहो, थोडा तरी मिळेल अजून. हिशेबाने हळूहळू कमी—"

"नको. तुम्ही उन्हाळ्यात एक विचारलं होतं. पुढे तसा काही विचार आहे का म्हणून. तेव्हा नाही म्हटलं होतं." चिहारूने एक दम घेतला. "आहे."

अधिकाऱ्याने वर पाहिलं. मग खालमानेने लिहिता लिहिता हळूच म्हणाला, "त्या दिवशी त्यांचे कान फार लाल झाले होते. मला वाटलं, रक्तदाबाचं काही असेल."

बाहेर येऊन तिने नाकाओबाईंना फोन लावला. "कठडा सोडला बाई."

"ऐकते आहे," बाई म्हणाल्या. आवाज जरा ओला होता, पण लगेच सावरल्या. "आता खाली बघू नकोस. वर मुलीला भूक लागली असेल." आणि फोन ठेवून दिला.

मग आणखी एक फोन लावायचा होता. तो लावताना मात्र तिची बोटं तीनदा चुकली. "मी ओगाता. उन्हाचं विचारायचं होतं," एवढंच ती म्हणाली, आणि तिकडून काही ऐकू यायच्या आत घाबरून ठेवून दिला.

घरी येऊन तिने निळा शर्ट धुतला, इस्त्री केला आणि मुताकाकूंना नेऊन दिला. काकूंनी तो छातीशी धरला. "दमला असेल गं बिचारा," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस एका जागी उभं राहायची सवय नव्हती त्याला."

दुपारी थांब्यावर बस आली. त्यातून साध्या कपड्यातला एक माणूस उतरला. पायऱ्यांपाशी आला आणि पहिल्या पायरीसमोर, जणू लाल दिवा लागल्यासारखा, थांबला. त्याने वर पाहिलं. दोरीवर कोतोनेचे मोजे होते, चिहारूचा गणवेश होता. बाकी काही नव्हतं.

"शर्ट उडाला का?" खालून आवाज आला.

"परत केला."

"काल... हात नाही केलात."

"परीक्षा होती. केला असता तर नापास झाले असते."

"म्हणजे...?"

चिहारू कठड्याशी आली. तिने बोट सरळ धरलं, त्यानेच शिकवलं होतं तसं, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "उजवीकडे, मुताकाकू खिडकीत. डावीकडे, मुताकाकूंचं मांजर. समोर..." बोट खाली पायरीकडे वळलं. "समोर कोहेईसान. मला ते हवेत."

काकूंच्या खिडकीत काहीतरी खाली पडून फुटलं. कोहेई मात्र हलला नाही. त्याला अजून खरं वाटत नसावं.

मग तिने दोन्ही हात वर केले.

"येऊ द्या," ती म्हणाली.

तो एक पायरी चढला.

"येऊ द्या... येऊ द्या..." कोतोनेही गॅलरीत धावत आली आणि आईच्या शेजारी उभी राहून हात हलवायला लागली. "येऊ द्या! येऊ द्या!" तो चढत होता आणि मोठा मोठा होत होता. आता तो चवड्यांवर चालत नव्हता; पायऱ्यांवर बूट चांगले धपाधप वाजत होते.

"अगं, आता बास म्हण," काकू खिडकीतून ओरडल्या, "माणूस घरात घुसेल."

तो दारात येऊन उभा राहिला. पहिल्या दिवसासारखीच धाप, तसेच कान. हातात कागदात बांधलेले मुटके होते.

"सालमनचे आहेत," तो म्हणाला. मग उंबऱ्याकडे बघून, अडखळत, "बास?"

चिहारूने मान हलवली.

"अजून थोडं," ती म्हणाली. "येऊ द्या."